खुर्चीवरची शाल

मंत्रिमहोदय नेहमीसारखे वाजतगाजत उशिरा आले आणि गोल टेबलाभोवतीच्या एकमेव रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसले. परिषदेला जमलेले देशोदेशीचे नेते आणि विद्यार्थी चपापले.

"सर, ही खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलीय," सूत्रसंचालन करणारी विद्यार्थिनी अदबीनं म्हणाली. "अजून जन्माला न आलेल्या माणसांसाठी."

"अस्सं? मग त्यांचाही सत्कार नको का व्हायला?" म्हणत ते उठले आणि दारातच मिळालेली शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली. सगळे हसले. त्यांच्यासाठी समोर दुसरी खुर्ची आली.

कोळशाची वीज आणखी तीस वर्षं चालू ठेवायची का, यावर दिवसभर खल झाला. शेवटी विद्यार्थिनी म्हणाली, "ठेवायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

मंत्र्यांचा हात सवयीनं उठू लागला. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं समोरच्या शालीचं टोक उचललं. कुणीतरी बोलायची परवानगी मागावी तसं.

विद्यार्थिनी त्या खुर्चीकडे वळली. "बोला," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. सभागृह कान देऊन बसलं. मंत्र्यांना सकाळचा लेकीचा फोन आठवला. "बाबा, आजोबा होणार तुम्ही."

अर्धा उठलेला हात त्यांना वरही नेता येईना, खालीही घेता येईना.