सेवेरिन घरी येतो तेव्हा

हिमनगाच्या आडून पांढरी पर्यटकबोट पुढे सरकली तेव्हा तबिता केकवर क्रीम फासत होती. तिचा हात थांबला नाही, पण सुरी घसरली आणि क्रीममध्ये खड्डा पडला.

"आला गं तुझा नवरा," खिडकीशी बसलेली मार्गित म्हणाली.

मार्गित शेजारीण. लग्नाआधी सेवेरिन माझ्या दारात सीलचं मांस ठेवून जायचा, हे ती गावाला विसरू देत नसे. आज तर तिला चांगलाच ऊत आला होता. सेवेरिन तुझं तोंड बघून मान फिरवील आणि सरळ माझ्याकडे येईल, असं ती कालपासून सांगत सुटली होती.

तबिताला राग यायला हवा होता, पण तिला धडकीच भरली, कारण मार्गितचं म्हणणं खरं ठरलं असतं तर नवल नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी सेवेरिनची हार्पूनची, म्हणजे सील मारायच्या भाल्याची दोरी, त्याने स्वतः कातडं कापून तयार केलेली, तबिताने कपडे वाळत घालायला बांधली होती. त्यावरून घरात रण माजलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या छातीत दुखू लागलं आणि हेलिकॉप्टर त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेलं. सगळं गाव निरोपाला गेलं, पण तबिता फुगून घरात बसली. येईल की चार दिवसांत, तेव्हा बोलू, असं तिला वाटलं होतं. चार दिवसांत तो आला नाही. 'चुकलं माझं' एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि ते तेव्हापासून माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं होतं.

आज ते बाहेर काढायचं होतं. लेक पिपालुक त्याला शहरातून घेऊन येत होती. धुक्यामुळे हेलिकॉप्टर बंद, म्हणून पर्यटकबोटीच्या कप्तानाने दोघांना जागा दिली होती. तबिताने दारावर झेंडा लावला, मण्यांची कॉलर गळ्यात घातली आणि काफेमिक मांडलं. काफेमिक म्हणजे दार सगळ्यांना उघडं. यायचं, बूट बाहेर काढायचे, पोटभर खायचं, कॉफी प्यायची आणि मागच्याला जागा करून द्यायची. मार्गित मात्र सकाळपासून हलली नव्हती.

येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी सेवेरिनशिवाय विषय नव्हता. पिपालुकशी फोनवर बोललेल्यांनी ताज्या बातम्या आणल्या होत्या. डोक्यावर म्हणे चार केस उरलेत. तोंडात एक दात नाही. चालता येत नाही, पण जेवायला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतो.

"म्हणजे स्वभाव तोच," दुकानदार कालेब म्हणाला, आणि सगळे हसले.

इस्पितळातल्या नर्सा तर म्हणे त्याच्यावर जीव टाकायच्या. हे ऐकून तबिताला फारसं बरं वाटलं नाही.

रबरी होड्यांतून आधी पर्यटक उतरले. लोटे ही त्यांची वाटाड्या डेन्मार्कची, पण गावची भाषा बोलणारी. झेंडा दिसताच ती सगळ्यांना घेऊन आली. दारात एकसारख्या बुटांचा ढीग झाला. जाताना कोण कोणाचे घालणार ते देवच जाणे. तबिताने व्हेलच्या कातडीचे तुकडे पुढे केले. एका उंच गृहस्थांनी तुकडा तोंडात टाकला आणि ते बराच वेळ मान डोलावत चावत राहिले. गिळायचं काही नाव नव्हतं.

हा सोहळा कशाचा, असं लोटेने विचारलं. मार्गितने सांगितलं की हिचा नवरा आज घरी येतोय, तुमच्याच बोटीने. बाकीचं वर्णनही तिने चवीने ऐकवलं.

लोटे चक्रावली. बोटीवर असा म्हातारा तिने पाहिला नव्हता, आणि पर्यटकांपैकीही कोणी पाहिला नव्हता. शेवटी उंच गृहस्थांनी घास गालात सरकवून निष्कर्ष काढला की तो बिचारा बोटीच्या दवाखान्यात पडून असणार. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लोटेने वायरलेसवर निरोप धाडला, आणि पुढच्या होडीतून चाकांची खुर्ची आली. खडकांवर चाकं चालेनात, म्हणून चौघांनी ती घामाघूम होत उचलून घरात आणली. ही कोणासाठी ते तबिताला कळेना. शहरातल्या लोकांची खुळं म्हणून तिने विचारलंही नाही. मार्गितने मात्र लगेच त्या खुर्चीत बसून आणखी एक कॉफी मागितली.

तेवढ्यात पायऱ्यांवर पिपालुकचा आवाज आला.

"बाबा, आलं बरं का घर."

पर्यटकांनी कॅमेरे वर केले. तबिताला मात्र वळवेना. शेगडीकडे तोंड करून, किटली घट्ट धरून, ती सगळ्या गावादेखत बोलली.

"सेवेरिन, ती दोरी मी घ्यायला नको होती. निरोपालाही यायला हवं होतं. चुकलं माझं. राग गेला नसेल तर खुशाल मार्गितकडे जा, मी अडवायची नाही. पण एकदा माझ्याकडे बघून जा."

नुसता एक ढेकर ऐकू आला.

"आई, वळ तरी," पिपालुक म्हणाली. "कधीचे तुझ्याकडेच बघतायत. आणि हसतायत."

तबिता वळली. तिने ते हसू पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पिपालुक थोडी वाकली, कातडी कोटाच्या पाठीवर झोळीसारख्या लोंबणाऱ्या टोपीत दोन्ही हात घालून तिने सेवेरिनला बाहेर काढलं आणि आईच्या हातांत दिलं.

"घे तुझा नवरा. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तोच घरी परत येतो म्हणतात, ते खरंच. आपल्या गेलेल्या बाबांचं नाव ठेवल्यापासून माझा लेक माझं काही ऐकत नाही. नीट धर गं, मान अजून सावरत नाही."