पाय लागला की

अबुधाबीच्या आइस हॉकी रिंकवर कॅनडाहून खेळाडू हेरायला आलेल्या पाहुण्याने पेन मिटलं आणि सदानंद कठड्यावरून पुढे झुकला. त्याच्या सहाफुटी लेकाने, निहारने, धडकेत एकाला लोळवलं खरं. पण आपला पाय त्याला लागताच मोकळा गोल सोडून निहार वाकला आणि पडलेल्याला शिवून हात छातीला लावला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे सदानंदनेच शिकवलेलं. “अंगापिंडाने उत्तम, पण फारच सभ्य,” पाहुणा इंग्रजीत म्हणाला. मध्यंतरात सदानंद खेळाडूंच्या बाकापाशी धावला. “आज नमस्कार नको. मागे बघूसुद्धा नकोस.” “आर यू शुअर, बाबा?” “यल्ला, चल, जा.” निहारच्या पुढच्याच धडकेत एक किडकिडीत पोरगा कडेच्या फळीवर आपटला. निहारने मागे न बघता गोल केला. पाहुण्याचं पेन भराभर चालू लागलं. पोरगा मात्र अजून उठत नव्हता. सदानंदचा हात आपसूक छातीला लागला.