क्लोनडॉकिनहून साताऱ्याला

"पत्र गेलं नाही तर ती जेवायची नाही," प्रतापराव म्हणाले.

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आदल्या दिवशी कालव्याकाठी बर्फावरून पाय घसरून मनगट मोडलं होतं, तरी सकाळी वाचनालय उघडताच ते हीटरजवळच्या आपल्या टेबलाशी हजर होते. निशिगंधाने पेन उघडलं.

ती क्लोनडॉकिनजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर होती. आयर्लंडला येऊन वर्षही झालं नव्हतं. पाळी दुपारची असल्याने सकाळी ती वाचनालयात येऊन बसे. तिथेच एकदा हा मफलर गुंडाळलेला म्हातारा देवनागरीत पत्र लिहिताना दिसला आणि तिने आपणहून ओळख काढली.

प्रतापराव पुण्याच्या एका दप्तरखान्यात मोडी वाचायचं काम करत. नोकरीची बहुतेक वर्षं एकाच माणसाच्या पत्रांत गेली. नरहरपंत त्यांचं नाव. अठराव्या शतकात ते पुणे दरबाराचे वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत, म्हणून कलकत्त्याला इंग्रजांकडे राहिले होते. त्यांच्या राजकारणाच्या पत्रांवर अभ्यासकांच्या उड्या पडत. प्रतापरावांचा जीव मात्र घरच्या पत्रांत अडकला. इथे तूप खवट मिळतं. सगळं मोहरीच्या तेलात तळतात. एका साहेबाच्या कुत्र्यावर छत्री धरायला स्वतंत्र नोकर आहे.

"भर दरबारात अपमान झाला त्या दिवशी पंतांनी बायकोला काय लिहिलं असेल?" त्यांनी एकदा निशिगंधाला विचारलं होतं. "तळ्यातल्या बदकांबद्दल. नुसती बदकं, पानभर. राजकारण करणारे पुष्कळ झाले गं. आपलं दुःख घरी न पाठवणारा हा एकच मला भेटला."

स्वतः प्रतापरावही त्याच वळणाने लिहीत. ते पुण्यात नोकरीला आणि पद्मिनीबाई साताऱ्याच्या शाळेत, असाच त्यांचा संसार झाला होता. पत्रांची सवय तेव्हापासूनची. आता ते मुलाकडे, अभिजितकडे राहत होते आणि रोज एक पत्र लिहीत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात. कालव्यातल्या हंसाने काल एका माणसाचं सँडविच पळवलं, आणि तो माणूस म्हणाला, ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत, चालायचंच.

काकू साताऱ्यालाच असतात का, असं निशिगंधाने सुरुवातीला विचारलं होतं.

"हो, ती अजून साताऱ्यातच आहे," ते म्हणाले होते. "तिथून तिला हलवणं आता कुणाला जमायचं नाही."

मग फोन का करत नाही, हेही तिने विचारलं. त्यावर ते जरा हसले होते. माझा आवाज तिला पटत नाही म्हणाले; अक्षर पटतं.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि निशिगंधाने लिहिलं. मनगटाचा विषय त्यांनी काढलाच नाही. बर्फावर चालणाऱ्या आयरिश आजीबाईंबद्दल सांगत राहिले, ते इतकं रंगवून की निशिगंधाला मध्येच थांबून हसावं लागलं. शेवटची ओळ त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, स्वतः लिहिली. पंतही मजकूर कारकुनाकडून लिहवून घेत आणि शेवट आपल्या हाताने करत, हे तिला त्यांनीच सांगितलं होतं. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवत ते उठले. मी टाकते पोस्टात, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. ते काम माझंच, म्हणाले.

असं बरेच दिवस चाललं. निशिगंधा पाळीवर जाई ती त्या पत्रातलं एखादं वाक्य मनात घोळवत. घरची आठवण दाटून आली की आपण आईला फोन करून रडतो, हे तिला आठवे. आणि तिने ते हळूहळू कमी केलं.

मनगट सरळ जुळलं नाही. शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी त्यांनी दोन पत्रं सांगितली, एक नेहमीप्रमाणे खिशात ठेवलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं.

"हे उद्याचं. पोस्टात टाकू नकोस. आमच्या घरी नेऊन दे, जेवणाच्या आधी. उर्मिला असेल."

उर्मिला त्यांची सून. साताऱ्याला कुणी निघालं असेल, त्याच्याबरोबर पाठवायचं असेल, असं निशिगंधाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार उर्मिलानेच उघडलं. ती फोनवर अभिजितशी, रुग्णालयातल्या त्याच्या बाबांबद्दल बोलत होती. पाकीट पाहून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने बोटाने आतली खोली दाखवली आणि ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली.

खिडकीशी एक वृद्ध बाई स्वेटरवर शाल घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात झाकलेलं ताट होतं. उर्मिलाची आई असेल, असं समजून निशिगंधाने नमस्कार केला.

"यंदा साताऱ्याला थंडी फारच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर पाकिटाकडे गेली आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ह्यांचं पत्र!"

त्यांनी ते लगेच उघडून वाचलं. मध्ये एकदा खुदकन हसल्या. शेवटच्या वेड्यावाकड्या ओळीवर बोट फिरवलं, पत्र घडी करून पदराआड ठेवलं आणि ताटावरचं झाकण काढलं. पहिला घास हातात घेऊन त्या थांबल्या. निशिगंधाच्या मागे, रिकाम्या दाराकडे बघू लागल्या.

"रोज ते मफलर गुंडाळलेले म्हातारे पोस्टमन येतात," त्या म्हणाल्या. "फार सभ्य गृहस्थ. माझं वाचून होईपर्यंत तिथे दारात उभे असतात. आज त्यांना बरं नाही का?"