परदेशी पहारा

कोकिळाबाईंनी धर्मेंद्रच्या काउंटरवर आधी दराब्याच्या मिठाईचा डबा ठेवला, मग लॅपटॉप.

"काकू, हे कशाला? मी फक्त अँटिव्हायरस टाकून दिला."

"तू टाकलास म्हणून तरी कळलं. नाहीतर मी बसले असते तशीच, काही ठाऊक नसताना."

गेल्या आठवड्यात त्या अँटिव्हायरसने लॅपटॉपमध्ये लपलेला एक प्रोग्राम पकडला होता. धर्मेंद्रने तो इथेच, शनवारा भागातल्या आपल्या दुकानात तपासला आणि त्याचंच तोंड उतरलं. बाहेरच्या देशातून कुणीतरी रोज संध्याकाळी काकूंचा कॅमेरा चालू करून बघत होतं.

"लाइट लागलेली कधी दिसली नाही, काकू?"

"क्लासची असेल वाटायचं."

खकनार आणि तुकईथड गावांतल्या बायकांना कोकिळाबाई त्या लॅपटॉपवरून ब्लाउजचं कटिंग शिकवायच्या. धर्मेंद्रचं बोलणं ऐकून त्या स्टुलावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. डोळ्यांना धार लागली होती. "रोज बघायचं रे?" एवढंच त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या. धर्मेंद्र तो प्रोग्राम पुसून टाकणार होता, पण त्यांनी त्याचा हात धरला. पोलिसात जायची वेळ आली तर असू दे, म्हणाल्या. म्हणून तो अँटिव्हायरसच्या कोठडीतच कुलूपबंद राहिला.

आज मात्र प्रश्न वेगळा होता.

काल टीव्हीवर बातमी आली होती. ती अँटिव्हायरसवाली कंपनीच लोकांच्या कंप्युटरमधली माहिती तिच्या स्वतःच्या देशाच्या हेरांना देते, असा आरोप होता. कुठल्याशा सरकारने तिच्यावर बंदीही घातली होती. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या चुडामणरावांनी टीव्हीचा आवाज वाढवून बायकोला, कोकिळाबाईंना, बोलावलं.

"ऐकलं? राखण करायला ठेवला तोच घर धुंडाळतोय. काढून टाक ते. नाहीतर तो डबाच विकून टाक. तसंही ज्यानं दिला त्यानं..."

पुढचं त्यांनी गिळलं. लॅपटॉप त्यांच्या मुलाने, मोहितने, घर सोडण्याआधी आईला सगळं बसवून आणून दिला होता. चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि चुडामणराव भर अंगणात म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मोहित बायकोला घेऊन परदेशी गेला. त्यानंतर त्याचा फोनही आला नाही. घरात त्याचं नाव निघत नसे.

"खरं काय रे, धर्मेंद्र?" कोकिळाबाईंनी विचारलं. "ठेवू की काढू?"

धर्मेंद्रने मान खाजवली. "झूठ नाही बोलणार काकू. आरोप तर आहेत. कंपनी म्हणते सगळं खोटं. पुरावा कोणी आपल्यासारख्याला थोडाच दाखवतो? आणि अँटिव्हायरस कोणताही घ्या, त्याला सगळं घर उघडून द्यावंच लागतं, तेव्हा तो पहारा देतो. बस, भरोशाचा सवाल आहे. तुम्ही म्हणाल तर काढतो, दुसरा टाकतो."

"दुसऱ्याने पकडलं असतं ते?"

"सांगता नाही येत. यानं पकडलं, एवढं पक्कं."

"मग याचे माझ्यावर उपकारच आहेत," कोकिळाबाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हा मालकाचं ऐकतो का रे? म्हणजे यानं कुणाला पकडलं आणि मी म्हटलं, अरे बाबा, हा आपल्यातलाच आहे, तर सोडतो?"

"सोडतो ना. उद्या तुमच्या क्लासचीच फाइल पकडली तर?" धर्मेंद्रने लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, पकडलेलं सगळं इथं राहतं. त्यावर बोट ठेवायचं, 'परत आणा' दाबायचं. मग खाली 'यापुढे अडवू नका'. झालं. फिर हात नाही लावणार तो."

"पुन्हा दाखव."

त्याने पुन्हा दाखवलं. कोकिळाबाईंनी ओठ हलवत ते पाठ केलं.

"मग राहू दे हाच."

"काका रागावतील."

"त्यांचं मी बघते. तू लेकरासारखा उपयोगी पडलास रे, धर्मेंद्र. देव तुला काही कमी न करो."

घरी चुडामणराव धुसफुसले. "बस मग. आपण जेवताना तिकडचे लोक आपल्याकडे बघत बसतील."

"बघू द्या. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

यावर त्यांना हसू आलं. "तेही खरं," म्हणाले आणि पेपर उघडला.

संध्याकाळचा क्लास संपला. तुकईथडच्या बायकांनी हात हलवून निरोप घेतला. एरवी कोकिळाबाई लगेच लॅपटॉप मिटायच्या, आज त्यांनी तो तसाच ठेवला. धर्मेंद्रने शिकवलं होतं तिथे बोट नेलं, एक बटण दाबलं, मग खालचं दाबलं. आत जाऊन चहा टाकला.

"अहो, चहा इथंच आणलाय. या खुर्चीत बसा, उजेड चांगला आहे."

चुडामणराव येऊन बसले. चहा झाला, पेपर वाचता वाचता डोळा लागला. पेपर मांडीवर घसरला. कोकिळाबाईंनी बल्ब लावला, पदर नीट केला, लॅपटॉप नवऱ्याच्या दिशेने जरासा वळवला आणि वाट बघत बसल्या.

बऱ्याच वेळाने कॅमेऱ्याशेजारचा बारका दिवा लागला.

कोकिळाबाई पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोहित, बाबा दिसतात ना रे नीट?"