रुमालाखालचा हात

निधीचा ढीग पेठेच्या मधोमध रचला होता. त्या दिवशी सांगलीच्या हळद बाजारात आलेल्या एकूणएक शेतकऱ्यानं आपल्या पोत्यातली ओंजळभर हळकुंडं त्यात टाकली, आणि बघता बघता ढीग कमरेएवढा झाला. दवाखान्यात कॅन्सरचा वॉर्ड बांधायचा, रेडियम आणायचं, आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायला लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं नव्हतं, महागाईनं कंबरडं मोडलेलं, तरी हात कुणी आखडला नाही. ढिगाशेजारी गादीवर वर्धमानअण्णा अडते बसले होते. सौदा त्यांच्या हातून व्हायचा होता.

मान त्यांचाच. मुंबईला जाऊन, घशाला रेडियम लावून घेऊन जिवंत परतलेला पेठेतला माणूस हा एकटाच. आवाज तेवढा तिकडंच राहिला. गळ्यात चांदीची नळी आली, तिच्यावर मलमलीची पट्टी. पण हळदीच्या सौद्याला आवाज लागतोच कुठं? अडत्यानं हातावर रुमाल टाकून बसायचं, खरेदीदारानं खालून हात घालायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. पंजा धरला की पाच, बोट धरलं की एक. भाव कळला की हात सोडायचा. रुमालाखाली झालेलं रुमालाखालीच राहतं, ही पेठेची जुनी रीत. अण्णांची सारी हयात त्या रीतीत गेलेली.

आठ महिने झाले, त्या रुमालाखाली कुणाचा हात आला नव्हता. वाकडं कुणी बोलत नव्हतं हो. लांबून नमस्कार व्हायचा, लांबूनच तब्येत विचारली जायची, भाव मात्र दिवाणजीच्या कानात सांगितला जायचा. घरीही सून ताट ठेवून चार पावलं मागं सरकायची. माणसाला माणसाचा हात लागेनासा झाला की कसं होतं, हे अण्णांना साठीत कळलं, आणि सांगायची सोय नव्हती.

म्हणून आज सकाळी त्यांनी नखं काढली, हात साबणानं दोनदा घासले, पेटीतला कोरा रुमाल घेतला. निधीचा सौदा, तोही साऱ्या पेठेदेखत. आज चुकवतील कसे?

आधी डॉक्टर बोलले. रेडियमच्या सुया गाठीत टोचतात, गाठ मरते, वेळेत आलेला रोगी वाचतो, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि अण्णांकडं बोट केलं. टाळ्या पडल्या. मग फंडाचे अध्यक्ष सुकुमारशेठ उठले. अण्णांचे हे लहानपणापासूनचे दोस्त, कृष्णेत दोघं बरोबर पोहायला शिकलेले. त्यांनी कमिटीचं पत्रक खणखणीत वाचलं. हा रोग शिवल्यानं होत नाही, रोग्याला दूर लोटू नका. पुन्हा टाळ्या. अण्णांनी रुमाल झटकून उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

सुकुमारशेठनी त्या हाताकडं पाहिलं. मग पेठेकडं वळून म्हणाले, "अण्णांना उगीच दगदग नको. धर्माचं काम आहे, देवळात बोली लावतो तसा तोंडी सवाल करू या."

पेठेचा जीव भांड्यात पडला. मग काय, एकेकाला कंठ फुटला. कुणी कुणाला हटेना. त्या ढिगाला कधी नव्हे तो भाव आला. अण्णांसाठी हार आणला होता, तो नळीला त्रास नको म्हणून गादीच्या कडेला ठेवला. लिहून बोलायला कमिटीनं एक पाटी-पेन्सिलही दिली. कौतुकात कसर म्हणून ठेवली नाही. आणि सगळे चहाला गेले.

अण्णा तसेच बसून राहिले. रडावंसं वाटलं, पण नळीतनं नुसतीच हवा यायची.

हरणाबाई पेठ झाडत ढिगाजवळ आली. वीस वर्षं सांडलेली हळद गोळा करणारी बाई. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि खाली बसली. "अण्णा, त्या सुया बायामानसांस्नी बी लावत्यात व्हय?"

अण्णांनी होकाराची मान हलवली. तिचा हात पदराआड छातीवर गेला आणि चटकन खाली आला. घरात कुणाला सांगितलं नाही म्हणाली. कळलं तर पेठेत कोण उभं करील? मग विचारलं, "किती बाजार चुकत्यात?"

म्हणजे किती आठवडे. अण्णांनी पाटी ओढली. वाचता येत नाही, ती म्हणाली. त्यांनी बोटं वर केली, तशी ती दचकली. चहाच्या दुकानातनं माणसं इकडंच बघत होती.

"आसं नगं," असं म्हणून तिनं रुमालाखाली हात घातला. "हितं सांगा."

खरखरीत, उबदार हात. अण्णांनी तिचा पंजा धरला, नंतर एक बोट.

"सा," ती पुटपुटली.

भाव कळला होता. रीतीप्रमाणं आता हात सोडायचा. तिनं सोडला नाही.

"लय भ्या वाटतंय वो, अण्णा."

अण्णांनी आपला दुसरा हातही रुमालाखाली घातला.