खबऱ्या झाड

बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं होतं : तहानेचा निरोप बंद, बोंड गळणार नाही.

कौतिकाबाई रोज सकाळी तांब्या घेऊन शेतापर्यंत फिरून यायच्या.

तलावात कपाशीसाठी पाण्याची एकच पाळी उरली होती, ती त्यांच्या शेताची.

या नव्या कपाशीत तहानेचा निरोप देणारी जनुकं बंद केली होती. ती मरेपर्यंत हिरवी राहायची, मेल्यावरही आठवडाभर. म्हणून प्रत्येक शेतात जुन्या वाणाचं एक झाड लावत. त्यानं मान टाकली की सगळ्या शेताला पाणी द्यायचं. त्याला खबऱ्या म्हणत.

कौतिकाबाईंची सून पंचफुला खबऱ्यापाशी गेली. पानं टवटवीत होती. शेजारच्या वसंताचा खबऱ्या मात्र पार लोळला होता.

"वसंतभाऊ, आमची पाळी तुम्हीच घ्या. आमचा तर नवरदेवासारखा उभा आहे."

"नक्की ना, वहिनी? मागून भांडाल."

"भांडायचं असतं तर दिली असती का?"

नवव्या दिवशी तिनं एक बोंड दाबलं. त्याचा हातातच भुगा झाला. मग दुसरं, मग तिसरं, शेताच्या धुऱ्यापर्यंत सगळी तशीच. हिरव्या पानांखाली मुळांच्या काड्या झाल्या होत्या. खबऱ्या एकटाच वाऱ्यावर डोलत होता.

"आत्याबाई, यानं सांगितलंच नाही हो."

कौतिकाबाई खाली बसल्या.

पेरणीनंतर महिन्याभरानं ते झाड कोमेजलेलं दिसलं, ते त्यांना पाहवलं नाही, म्हणून त्यांनी त्याला पहिला तांब्या घातला होता.