चोवीस तासांची परवानगी

मंगळवारी सकाळी चहा उकळत असताना अण्णांनी नेहमीप्रमाणे छातीला यंत्र टेकवलं. हिरवा दिवा लागला. महासत्तेच्या उपग्रहाने त्यांच्या कृत्रिम हृदयाला आणखी चोवीस तास चालायची परवानगी दिली होती.

"उद्यापासून कुणालाच मिळणार नाही म्हणे," त्यांची मुलगी हेमांगी म्हणाली. आपल्या सरकारने महासत्तेच्या युद्धनौकांना बंदर नाकारलं होतं. तिकडून आलेलं हे उत्तर होतं.

"रोजच्या परवानगीचं कलम या हृदयांच्या करारात मीच लिहिलं," अण्णा म्हणाले. परराष्ट्र खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. "तेव्हा वाटलं, रोज विचारलं म्हणून काय बिघडलं? मित्रच तर आहेत."

टेबलावर महासत्तेच्या वकिलातीचं पत्र होतं. स्वतःच्या सरकारचा निषेध करणाऱ्या निवेदनावर जो रुग्ण सही करेल, त्याचं हृदय चालू राहणार होतं.

"मी सही करणार नाही, हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे." तिने कप पुढे केला. "साखर घालू?"

"दोन चमचे घाल. आता मधुमेहाला काय घाबरायचं!"

ती हसली. तिने कपात दोन चमचे साखर घातली.

बुधवारी दिवा लागला नाही.

अंत्यदर्शनाला मंत्री आले. "ताई, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल," ते म्हणाले आणि कॅमेरे तिच्याकडे वळले.

हेमांगीने मंत्र्यांकडे पाहिलंच नाही. ती अण्णांच्या चेहऱ्याजवळ वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही सही करायला हवी होती. मला तुम्ही हवे होतात."